सिम्युलेशनच्या आधारे दीर्घिकासमूहाचं वस्तुमान कसं काढायचं

दीर्घिकासमूहाच्या वस्तुमानाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणारा. संगणकावर घडवलेल्या विश्वात, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, मात्र खरा आकडा हाताशी असतो. म्हणून दिसणाऱ्या वायूचं आणि खऱ्या वस्तुमानाचं नातं तिथे बसवायचं आणि मग आकाशातल्या समूहांना लावायचं.

सिम्युलेशन वायूसकट चालवलेलं हवं. आयलस्ट्रिस टीएनजी ३०० चा डेटा खुला आहे. त्याची पेटी सुमारे ३० कोटी पार्सेक बाजूची. कॅटलॉगमधून एम ५०० घ्या: ज्या गोलात सरासरी घनता विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या (विश्व भूमितीने सपाट असायला लागणाऱ्या घनतेच्या) ५०० पट भरते, त्यातलं वस्तुमान. त्या गोलाची त्रिज्या म्हणजे आर ५००. शेजारच्या रकान्यात एम २०० असतं, म्हणजे २०० पटीचं. दोन्हींची सरमिसळ नको.

पहिली ठेच एककांत लागते. वस्तुमान १०^१० सौर वस्तुमान भागिले एच अशा एककात असतं. एच म्हणजे हबल स्थिरांक भागिले १००, इथे ०.६७७४. फाइलमध्ये २०,००० दिसलं तर खरा आकडा सुमारे २.९५ × १०^१४ सौर वस्तुमानं. एचने भागायचं राहिलं की थेट २ × १०^१४ हाती येतं, आणि आलेख तरीही छान सरळच दिसतो!

आता वायूचं वस्तुमान गुणिले तापमान काढा. याला वाय-एक्स म्हणतात. तापमान मोजताना ०.१५ आर ५०० च्या आतला गाभा वगळा, कारण तिथे वायूचं थंड होणं आणि कृष्णविवराची ऊर्जा यांचा गोंधळ असतो. तारे घडवणाऱ्या पेशीही (सिम्युलेशनमधले वायूचे छोटे तुकडे) काढून टाका. त्यांचं नोंदलेलं तापमान खरं नसतंच, ते मॉडेलच्या दाबाच्या सूत्रातून आलेलं असतं.

लॉग-लॉग आलेखावर, आडवं वाय-एक्स आणि उभं एम ५०० घेऊन, रेषा बसवा. चढ ०.६ च्या आसपास हवा. फारच वेगळा आला तर आधी गाभा आणि तारे घडवणाऱ्या पेशी नीट वगळल्यात का ते तपासा; एचची चूक चढ बदलत नाही, रेषा फक्त सरकवते. दूरच्या समूहांसाठी विश्वाच्या प्रसरणदराची दुरुस्तीही लागते.

खऱ्या समूहाचा आर ५०० आधी माहीत नसतो. अंदाजाने एक घ्या, वाय-एक्स मोजा, रेषेवरून वस्तुमान काढा, त्यावरून नवा आर ५००. फरक १ टक्क्याखाली येईपर्यंत हेच फिरवा. नुसता दाब आणि गुरुत्वाचा समतोल धरून काढलेलं वस्तुमान बहुधा १० ते ३० टक्के कमी भरतं, कारण वायूची घुसळणही भार पेलत असते आणि ती तापमानात दिसत नाही.

मशीन लर्निंग वापरणार असाल तर एकाच समूहाच्या तीन दिशांनी काढलेल्या प्रतिमा एकाच गटात ठेवा. दोन प्रशिक्षणात आणि एक चाचणीत गेली, की मॉडेल ओळखीचा समूह पाहूनच उत्तर देतं.