पोटाचा एक्स-रे वाचताना या चुका टाळा

पेठ-सुरगाण्याहून नाशिकला पाठवलेल्या पोटदुखीच्या पेशंटसोबत कित्येकदा एकच फिल्म येते, तीही आडवं झोपवून काढलेली. आतडं किंवा जठर फुटल्याची शंका असेल तर हीच फिल्म सर्वांत कमी कामाची. बाहेर पडलेली हवा वर चढते. पेशंट उताणा असला की ती पोटाच्या पुढच्या भिंतीखाली पसरून बसते. आतड्याच्या भिंतीची आतली आणि बाहेरची अशा दोन्ही कडा स्वच्छ दिसल्या तर बहुधा या हवेचा पत्ता लागतो, आणि त्यासाठी हवा बरीच लागते.

अशा वेळी छातीचा उभा एक्स-रे मागवा. त्याआधी पेशंटला 5 ते 10 मिनिटं बसवून ठेवा. स्ट्रेचरवरून उठवून लगेच फोटो काढला तर हवा डायफ्रॅमखाली (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली) पोचलेलीच नसते. बसवतच नसेल, तर डाव्या कुशीवर झोपवून आडव्या किरणांनी काढा आणि यकृताच्या कडेला हवेची काळी पट्टी शोधा.

काळं दिसलं म्हणजे फुटलं, असंही नाही. डावीकडचा फुगा बहुधा जठरातलाच असतो. उजवीकडच्या काळ्या भागात मोठ्या आतड्याच्या घड्या दिसल्या तर ते यकृतावर चढलेलं आतडं. शिवाय पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर हवा काही दिवस राहतेच.

आतडं अडलंय का, हे नजरेने ठरवू नका, मोजा. लहान आतडं 3 सेंटिमीटर, मोठं 6, सीकम (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग) 9, याच्यापुढे फुगलेलं. रुंदीभर आरपार गेलेल्या रेषा लहान आतड्याच्या, अर्ध्यातच थांबणाऱ्या मोठ्याच्या. सगळ्यात फसवी फिल्म मात्र गॅस जवळजवळ नसलेली. फुगलेली वेटोळी पाण्याने भरली की ती राखाडी दिसतात आणि ‘नॉर्मल’ लिहून पेशंट घरी जातो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तरी सुरुवातीला फिल्म साफ असू शकते. पोट लाकडासारखं कडक असेल, नाडी वाढत असेल, तर फिल्मवर विसंबू नका. सर्जनला फोन करा, सीटी स्कॅनची सोय बघा.

फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मत मागायची सवय आता सगळीकडे आहे. डायफ्रॅमखालची केसाएवढी रेघ त्यात पुसली जाते. डिजिटल मशीन असेल तर मूळ फाईलच पाठवा.

आणि फिल्म जांघेच्या वर कापलेली असेल तर पुन्हा काढा. उलट्या होत असलेल्या म्हाताऱ्या बाईचं लुगडं बाजूला करून जांघ हाताने तपासायची राहते, आणि अडकलेला हर्निया तिथेच असतो.