पेटीत सापडलेलं ब्रिटिश स्मारक नाणं कसं ओळखायचं

नाणं हाती आलं की पहिलं पथ्य: ते घासायचं नाही. टूथपेस्ट, सोडा किंवा चांदीचं पॉलिश लावलं की पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि ते परत जात नाहीत. फारच मळलं असेल तर साध्या कोमट पाण्यातून काढून मऊ कापडाने टिपून घ्या. पुसू नका. धरतानाही कडेने धरा.

आता त्यावर देशाचं नाव आहे का ते बघा. ब्रिटनच्या स्वतःच्या नाण्यांवर ते बहुधा नसतंच. राणीचं डोकं आहे, पण जिब्राल्टर, जर्सी किंवा आइल ऑफ मॅन असं लिहिलं असेल, तर ते नाणं त्या प्रदेशाचं, आणि ब्रिटनच्या यादीत ते शोधून सापडणार नाही. इथेच बरेच जण अडकतात.

मग मुखवटा, म्हणजे नाण्यावरचा राजा-राणीचा चेहरा. एलिझाबेथ दुसरी नेहमी उजवीकडे बघते. पाचवा आणि सहावा जॉर्ज डावीकडे. राजाच्या नावानंतर आय-एन-डी, आय-एम-पी ही अक्षरं असतील तर तो ‘भारताचा सम्राट’ हा किताब. 1949 पासूनच्या नाण्यांवर तो नाही.

यानंतर मोजमाप. व्यास 38.61 मिलिमीटर आणि वजन 28.28 ग्रॅम भरलं तर ते क्राउन नावाचं मोठं ब्रिटिश नाणं. जुन्या सामानात सर्वांत जास्त सापडतं ते हेच. 1965 चं चर्चिलचं, 1977 चं राणीच्या रौप्यमहोत्सवाचं आणि 1981 चं चार्ल्स-डायाना विवाहाचं क्राउन तर कोट्यवधींनी पाडलं गेलं. एकट्या चर्चिलच्याच सुमारे 1 कोटी 96 लाख प्रती निघाल्या. अशा नाण्याकडून मोठी अपेक्षा ठेवू नये.

या तिन्ही नाण्यांवर दर्शनी किंमत छापलेली नसते, म्हणून ती पदकं समजली जातात. तसं नाही. 1965 च्या क्राउनची किंमत 5 शिलिंग, तर 1972 ते 1981 मधल्या क्राउनची 25 पेन्स. दोन्ही रकमा एकच. 1990 पासून मात्र क्राउन 5 पौंडांचं झालं.

घोड्यावर बसलेली राणी दिसली की गोंधळ ठरलेला. 1953 च्या राज्याभिषेकाच्या क्राउनवर ती आहे, 1977 वर आहे आणि 2002 वरही. मागची बाजू बघा. 1953 वर ढालींचा क्रॉस आणि ‘फाइव्ह शिलिंग्ज’ असे शब्द, तर 1977 वर अभिषेकाच्या तेलाचं पात्र आणि चमचा. 1960 च्या क्राउनची मागची बाजू 1953 सारखीच आहे, पण पुढे घोडा नाही, नुसता मुखवटा आहे. 1980 वर मधल्या मुखवट्याभोवती धनुष्यं आणि सिंह दिसतात. हा मुखवटा राणीच्या आईचा. ती बोज-लायन घराण्यातली, आणि इंग्रजीत ‘बो’ म्हणजे धनुष्य, ‘लायन’ म्हणजे सिंह. त्या नावावर केलेली ही कोटी!

कड विसरू नका. 1953 च्या कडेवर वाक्य कोरलेलं असतं. 1935 च्या क्राउनची अक्षरं सहसा आत खोदलेली असतात. ती बाहेर उठलेली असतील तर नाणं 925 शुद्धतेच्या (हजारात 925 भाग चांदी) दुर्मिळ प्रूफपैकी, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या प्रतींपैकी असू शकतं, आणि ते जाणकाराला दाखवलंच पाहिजे.

धातूच्या बाबतीत वर्ष बरंच सांगतं. 1920 ते 1946 ची चांदीची नाणी निम्मी चांदी, म्हणून 1935 आणि 1937 ची क्राउन त्यात येतात. 1947 पासून तांबं-निकेल. पण 1972 ते 1981 च्या क्राउनच्या चांदीच्या प्रूफ प्रतीही निघाल्या, आणि त्यांचंही वजन 28.28 ग्रॅमच! म्हणजे काट्यावर फरक कळत नाही. चुंबकही कामाचा नाही, कारण तो दोन्हींना चिकटत नाही.

उपाय पाण्याचा. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. तांबं-निकेल असेल तर काटा 3.18 च्या आसपास थांबतो, 925 ची चांदी असेल तर 2.73 च्या. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा वाढवतात आणि चांदीलाही तांबं-निकेल ठरवू शकतात, म्हणून नाणं हलवून ते आधी सोडवा.

क्राउनपेक्षा लहान, 28.4 मिलिमीटरचं, एकाच पिवळ्या धातूचं आणि 15.98 ग्रॅमचं नाणं म्हणजे 1986 ते 1996 मधलं 2 पौंडांचं स्मारक नाणं. सात बाजूंचं असेल तर 50 पेन्स: 30 मिलिमीटरचं जुनं, 27.3 चं 1997 नंतरचं. जुन्यांत गोलात गुंफलेले नऊ हात 1973 चे, आणि ते सहज मिळतं. मात्र 1992-1993 अशी दोन वर्षं असलेलं, मेज-खुर्च्यांचं सापडलं तर सांभाळून ठेवा. चलनासाठी ते फक्त 1 लाख 9 हजार निघालं.