ठसा तुमचा, बोट दुसऱ्याचं: फिंगरप्रिंट वापरताना या चुका टाळा

माझ्या काकूंनी शेताचा एक तुकडा विकला आणि काही महिन्यांनी त्यांच्या खात्यातून दोनदा पैसे गेले. ओटीपी आला नव्हता, एटीएम कार्ड कपाटात होतं, फोन कुणाच्या हातात दिला नव्हता. पासबुकात नोंद होती आधार आणि बोटाच्या ठशावर रक्कम काढल्याची. त्या दिवशी काकू घराबाहेरही पडल्या नव्हत्या. बँकेत पहिलाच प्रश्न आला, "मावशी, अंगठा तर तुमचाच जुळलाय, मग तक्रार कसली?"

ठसा जुळला म्हणजे माणूस तिथे होता, ही समजूतच मुळात चुकीची आहे. जपानमधल्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्येच मिठाईत घालतात त्या जिलेटिनची बोटं करून अकरा यंत्रांवर तपासली आणि ती सगळीच यंत्रं फसली. २०१३ मध्ये आयफोन ५एस बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवर उमटलेल्या ठशावरून त्याचं कुलूप उघडून दाखवलं. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांचा अंगठा निव्वळ छायाचित्रांवरून तयार केला. पासवर्ड निदान डोक्यात राहतो. ठसा आपण चहाच्या पेल्यावर, दाराच्या कडीवर, कागदोपत्री सगळीकडे सोडत जातो, आणि चोरीला गेला तर बदलताही येत नाही.

खरेदीखताची झेरॉक्स जशीच्या तशी देणं

आपल्याकडे सर्वात मोठी गळती इथे आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या दस्तावर अंगठ्याचा ठसा असतो, सोबत आधारची प्रत जोडलेली असते, आणि रक्कम चेकने दिली-घेतली असेल तर बँकेचं नावही लिहिलेलं असतं. आधारवरून पैसे काढायला, म्हणजे एईपीएसला, हीच तीन माहिती लागते: बँक, आधार क्रमांक आणि ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. तेलंगणात २०१८ मध्ये सिमकार्ड विकणाऱ्या एकाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या दस्तांतून ठसे उचलून हजारो सिमकार्डं सुरू केल्याचं उघड झालं होतं. त्याआधी २०१७ मध्ये कानपुरात पकडलेल्या टोळीने आधार नोंदणी करणाऱ्या ऑपरेटरांचेच ठसे बनवले होते.

म्हणून एजंटला, सोसायटीला, वीज कनेक्शनसाठी दस्ताची प्रत देताना ठशावर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढा. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी, मास्क केलेली द्या. मूळ दस्त दाखवायला हरकत नाही, प्रत मागे ठेवून येताना मात्र दहादा विचार करा.

बायोमेट्रिक लॉक न करणं, आणि केल्यावर गोंधळणं

आधारच्या अधिकृत अॅपमध्ये किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येतं. आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा, एवढंच. लॉक केल्यावर बोट, डोळा आणि चेहरा, तिन्ही बंद होतात. ओटीपीने चालणारी कामं चालू राहतात. माझ्या मते घरातल्या ज्येष्ठांचं लॉक आजच करून टाकावं. त्यांचे ठसे सर्वात जास्त कागदांवर असतात आणि बँकेचे मेसेज ते सर्वात कमी वाचतात.

मग रेशन दुकानात अंगठा लागत नाही आणि घरात भांडण होतं. अशा वेळी यंत्रावर काय लिहून आलंय ते आधी विचारा. एरर ३३० असेल तर बायोमेट्रिक लॉक आहे, बोट पुसून उपयोग नाही. अॅपमधून तात्पुरतं अनलॉक करा. ते दहा मिनिटांपुरतं असतं, त्यामुळे घरून करून निघू नका, आपला नंबर आल्यावर करा. ठसा जुळत नाही असं आलं तर गोष्ट वेगळी. ऊसतोड, गवंडीकाम, भांडी घासणं यांनी बोटांच्या रेषा झिजतात. बोट स्वच्छ करून, कोरडं असेल तर किंचित ओलसर करून दुसऱ्या बोटाने पाहा. नेहमीच होत असेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या.

"पुन्हा ठेवा" म्हटलं की पुन्हा ठेवणं

बँक मित्र किंवा दुकानदार सांगतो, "फेल झालं, परत अंगठा ठेवा." प्रत्येक अंगठा हा वेगळा व्यवहार असू शकतो. आधीच्याची पावती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नका, आणि यंत्राच्या पडद्यावर रक्कम स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर बरोबर कुणाला तरी न्या. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

यंत्रही पाहा. आता आधारसाठी एल१ दर्जाची यंत्रं आली आहेत. त्यांत ठसा यंत्राच्या आतच कुलूपबंद होतो, त्यामुळे साठवलेला ठसा पुन्हा पाठवण्याची चोरी अवघड होते. खोटं बोट ओळखण्यासाठी यूआयडीएआयने २०२३ मध्ये ठशाच्या बारकाव्यांबरोबर त्याची प्रतिमाही तपासणारी पद्धत आणली. सुधारणा खरी आहे, पण यंत्र सुधारलं म्हणून दस्ताच्या प्रती वाटत सुटू नये.

फोन आणि हजेरी

२०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस१० वर काही सिलिकॉन कव्हर लावली की कुणाच्याही बोटाने फोन उघडत होता. कव्हरवरच्या नक्षीलाच सेन्सर ठसा समजत होता. नंतर अपडेटने हे दुरुस्त झालं. नवं कव्हर किंवा काच लावली की जुने ठसे काढून नव्याने नोंदवा, आणि नंतर घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी बोट लावून बघा. बँकेच्या अॅपला वेगळा पिन ठेवा.

हजेरीचं यंत्र एकट्या कोपऱ्यात लावू नये. ब्राझीलमध्ये २०१३ साली एका डॉक्टरकडे सहकाऱ्यांच्या हजेरीसाठी बनवलेली सहा सिलिकॉनची बोटं सापडली होती. यंत्राशेजारी माणूस बसला असता तर ती खिशातून निघालीच नसती.

पैसे गेल्यावर वाट पाहणं

काकूंनी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही, आपलंच काही चुकलं असेल म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची अशा व्यवहारात बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. म्हणून त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या, बायोमेट्रिक लॉक करा. तक्रारीत "त्या वेळी मी कुठे होतो" हे पुराव्यासह लिहा: दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचं तिकीट, कामाच्या जागची हजेरी. अंगठा जुळलाय म्हणणाऱ्याला द्यायला हाच कागद उपयोगी पडतो.