वेरूळच्या बाजूला गेस्ट हाऊस काढताय? आधी मे महिन्यातली विहीर बघा

दर महिन्या-दोन महिन्याला कुणीतरी विचारतंच, ताई शेतात चार खोल्या बांधायच्यात, पाहुणे ठेवायचेत, परसबागेतली भाजी खाऊ घालायचीय, कसं करायचं. खोल्यांचं गवंडी सांगंल, मी पाण्याचं न भाजीचं सांगते.

आमच्या चार खोल्या, भरल्या की आठ माणसं. शहरातला माणूस आंघोळ, फ्लश सगळं धरून दीडशे लिटर सहज उडवतो, म्हणजे रोजचे १२०० लिटर, आणि तेही विहिरीचा तळ दिसायला लागल्यावर सुद्धा. म्हणून श्रावणातली तुडुंब विहीर बघून हुरळू नका, मे मध्ये मोटर किती वेळ चालते ते बघा. आम्ही उन्हाळ्यात दोनच खोल्या चालू ठेवतो, टँकर घेऊन पाहुणे ठेवले तर पैसे टँकरवाल्यालाच जातात. बाथरूमचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून केळी न कर्दळीला सोडलंय, पालेभाजीला मात्र ते साबणाचं पाणी चुकूनही नको.

आता भाजी. तीन गुंठे लई झाले, जास्त केलं की तण काढण्यातच जीव जातो. आमची काळी माती, पाणी साचलं की मुळ्या कुजतात, म्हणून गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच वाफे) करा, वरून सोयाबीनचं भुसकट अंथरा, पाणी निम्म्यावर येतं. पहिल्या वर्षी मी हौसेनं सगळी मेथी एकाच दिवशी पेरली, पंधरा दिवस रोज मेथी खाल्ली घरच्यांनीच, आणि पाहुणे आले तेव्हा तिला फुलं न शेंगा! तेव्हापासून चार वाफे, दर आठ दिवसाला एक. मेथी पंचवीस-तीस दिवसात येते, म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घर भरणार हे माहीतच असतं, तर नोव्हेंबरच्या शेवटी पेरायची, बुकिंगच्या वहीतच पेरणीची तारीख लिहून ठेवायची. पालक मुळासकट उपटू नका, कापून घ्या, परत फुटतो.

कोथिंबिरीला लोक म्हणतात उगवतच नाही. अहो, धने अख्खेच पेरले तर कसं उगवणार नीट? फरशीवर पसरायचे, चपलेनं हलकं रगडायचं, टक्कन दोन डाळी होतात, मग रात्रभर भिजवून सकाळी पेरायचे. आठ-दहा दिवसात हिरवं दिसतं. उन्हाळ्यात वर शेडनेट पाहिजेच.

आणि ब्रोकोली-लेट्यूसच्या नादी लागू नका, ते शहरातल्या पाहुण्यांना तिकडं मिळतं. अंबाडी, चुका, तांदुळजा, घोळ हे लावा (घोळ तर लावायला पण लागत नाही). अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, वर लसणाची फोडणी, एवढ्यावर माणूस दोन भाकरी जास्त खातो. मेनूकार्ड छापू नका, सकाळी वाफ्यात काय आहे ते बघून ठरवा. घृष्णेश्वरला येणारे बरेच उपवासाचे असतात, त्यांच्यासाठी रताळी. दसऱ्याच्या आसपास वेल लावले की महाशिवरात्रीला काढायला येतात.

खरी कमाई हुरड्याची. ज्वारी एकदम पेरू नका, पंधरा दिवसाच्या फरकानं दोन तुकडे करा, म्हणजे हुरडा लवकर संपत नाही. वाण गूळभेंडी किंवा कुचकुची, साध्या ज्वारीचा हुरडा खाऊन लोक परत येत नाहीत. आगटीला (कणसं भाजायच्या खड्ड्याला) गोवऱ्या, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. कणसं पाहुण्यासमोरच भाजून हातावर चोळून द्यायची, आत स्वयंपाकघरातून ताटलीत आणून दिलं तर गार होतं न मजाही जाते.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, खोल्या बहुतेक रिकाम्या, मग तोच दिवस चादरी धुवायचा, खुरपायचा न फवारणीचा. पाच किलो निंबोळीची पावडर रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर पाणी करायचं आणि ऊन उतरल्यावर मारायचं, मावा (पानांवरचे बारके किडे) आवरतो. वानरांना मात्र काहीच उपाय नाही, वांगी-टोमॅटो जाळीतच लावा.

कागदपत्रांचं थोडक्यात: जेवण देताय तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी, पर्यटन संचालनालयाकडं कृषी पर्यटनाची नोंदणी (२०२० पासून राज्याचं धोरण आहे), आणि फॉरेनर उतरला तर २४ तासाच्या आत त्याच्या मुक्कामाच्या माहितीचा फॉर्म (आधी त्याला सी फॉर्म म्हणायचे) ऑनलाइन भरायचा, हे अजिबात विसरू नका, वेरूळला फॉरेनर येतातच.

एक राहिलंच. लेकरांना भाजी तोडू द्या, पण सोबत घरचं कुणीतरी पाहिजे. एका पोरानं दोडका ओढता ओढता अख्खा वेल मांडवावरून खाली आणला, आई फोटो काढायली होती. आता मी आधी टोपली न छोटी कात्री हातात देते, आणि गवारीपाशी नेते, तिथं नुकसान कमी होतं.