तेलकट मासे ताजे मिळाल्यावर ते कसे राखावेत आणि कसे शिजवावेत

बांगडा, तारली, हेरिंग, ट्यूना, सॅल्मन हे मासे तेलकट म्हणून ओळखले जातात, कारण पांढऱ्या मांसाच्या पुष्कळ माशांप्रमाणे त्यांची चरबी मुख्यतः यकृतात न साठता साऱ्या अंगभर, विशेषतः कातडीखाली आणि पोटाकडच्या मांसात, पसरलेली असते. या चरबीमुळे त्यांना चव येते आणि चुलीवर ते सहसा कोरडे पडत नाहीत. मात्र हवा लागली की तीच चरबी लवकर खवट होते. त्यामुळे मच्छीमाराकडून थेट मासा घेण्याचा लाभ याच माशांच्या बाबतीत सर्वाधिक असतो, आणि घरी पोहोचेपर्यंत तो गमावण्याची शक्यताही याच माशांच्या बाबतीत सर्वाधिक असते.

होडी किनाऱ्याला लागल्यावर भाव विचारण्याआधी मासा पाण्याबाहेर कधी काढला आणि तेव्हापासून तो बर्फात होता का, हे विचारावे. डोळे फुगीर व पारदर्शक, कल्ले लालभडक, अंगावर चकाकी आणि वास समुद्राच्या पाण्याचा, या खुणा बहुतेकांना ठाऊक असतात. तारलीच्या बाबतीत मात्र सर्वांत आधी पोट पाहावे. भरपूर खाऊन पकडल्या गेलेल्या लहान माशांच्या आतड्यांतील पाचकरस मासा मेल्यावरही काम करीत राहतात आणि काही तासांत पोटाची पातळ भिंत विरघळवून टाकतात. डोळे कितीही चमकदार असले, तरी पोट फुटलेली तारली घेऊ नये.

पकडल्यानंतर काही काळाने मासा लाकडासारखा ताठ होतो. ही ताजेपणाची खात्रीची खूण आहे, पण त्या अवस्थेत त्याला पिशवीत बसवण्यासाठी वाकवू नये किंवा ओढून सरळ करू नये, कारण तसे केल्यास मांसाचे पदर एकमेकांपासून सुटतात आणि शिजवताना तुकडी विस्कटते. मोठा मासा असेल तर तो बर्फात ठेवून आपोआप सैल होऊ द्यावा आणि मगच त्याच्या तुकड्या कराव्यात. लहान मासे अख्खे शिजवायचे असल्यास इतकी वाट पाहण्याचे कारण नाही.

बर्फाचा आग्रह केवळ चवीसाठी नाही. बांगडा, ट्यूना, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा उबेत राहिला तर जीवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. असा मासा खाल्ल्यावर तोंडात तिखटासारखी चुणचुण होते, चेहरा लाल होतो, अंगावर पुरळ येते आणि डोके दुखू लागते. महत्त्वाची गोष्ट अशी की, एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवल्याने नष्ट होत नाही आणि त्याने बिघडलेला मासा दिसायला चांगलाही असू शकतो. म्हणून मासे आणायला जातानाच डबा आणि बर्फाचा चुरा सोबत न्यावा, माशाच्या वजनाइतका बर्फ वर-खाली पसरावा, आणि वितळलेले पाणी निथळून जाईल अशी सोय करावी. घरच्या फ्रिजचे तापमान साधारण ४ अंश सेल्सिअस असते, तर वितळत्या बर्फाचे ०. त्यामुळे फ्रिजमध्येही मासा बर्फावरच ठेवलेला बरा.

साफ करण्याचे काम पुढे ढकलू नये. तारलीचे खवले वाहत्या पाण्याखाली नुसत्या अंगठ्याने शेपटीकडून डोक्याकडे घासले तरी निघतात. बांगड्याचे खवले इतके बारीक असतात की सुरीच्या बोथट बाजूचा एक हात पुरतो. कल्ले पूर्ण उपटून काढावेत, पोट गुदद्वारापासून डोक्यापर्यंत उथळ चिरावे आणि आतडी अलगद ओढावीत. गाबोळी निघाली तर ती वेगळी ठेवावी. त्यानंतर मधल्या काट्याला चिकटून गेलेली काळपट रक्ताची पट्टी दिसते. तिच्यावरचा पातळ पडदा सुरीच्या टोकाने फाडून ती अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याच्या कडेने खरवडून काढावी. ज्या कडवटपणाचा आणि उग्र वासाचा दोष लोक माशाला देतात, त्याचा बराचसा भाग या पट्टीतून आलेला असतो. मासा थंड पाण्याने झटपट धुवावा, पाण्यात बुडवून ठेवू नये, आणि कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने आतून-बाहेरून कोरडा टिपावा.

आता अर्धा किलो माशाला साधारण एक चहाचा चमचा मीठ चोळून वीस मिनिटे ठेवावे. अंगावर पाण्याचे थेंब जमतात, ते पुन्हा टिपून घ्यावेत. मांस घट्ट होते आणि कातडी तव्याला कमी चिकटते. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर या टप्प्यावर फार वेळ लावून ठेवू नये, कारण आम्लाने वरचे मांस आधीच थिजून पिठूळ होते. शिजवताना किंवा वाढताना घातलेले आंबट मात्र या माशांना अवश्य हवे. ते चरबीचा जडपणा कमी करते आणि माशाला वास देणारी द्रव्ये आम्लात बांधली गेल्यामुळे ती हवेत कमी उडतात.

तव्यावर करताना जाड बुडाचा तवा चांगला तापवावा आणि त्यावर तेलाचा केवळ हात फिरवावा. थोड्याच वेळात मासा स्वतःचे तेल सोडू लागतो. अख्ख्या बांगड्याच्या जाड भागावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन तिरप्या चिरा द्याव्यात. मासा ठेवल्यावर त्याला हात लावण्याचा मोह आवरावा. कातडी कुरकुरीत झाली की ती आपणहून तवा सोडते. उलथने अडत असेल तर मासा उलटण्याची वेळ आलेली नाही, इतके साधे आहे. सर्वांत जाड जागी २.५ सेंटीमीटर जाडीच्या माशाला दोन्ही बाजू मिळून साधारण १० मिनिटे लागतात. डोक्यामागच्या चिरेत सुरीचे टोक घालून पाहावे: मांस अपारदर्शक झालेले असावे आणि काट्यापासून सहज सुटावे. तापमापक वापरणाऱ्यांनी ६३ अंश सेल्सिअस हा आकडा धरावा.

निखाऱ्यावरची जाळी तर या माशांसाठीच आहे असे म्हणावेसे वाटते, कारण जादा चरबी खाली गळून जाते. ज्वाळा मात्र विझू द्याव्यात, नाहीतर गळणारे तेल पेट घेऊन मासा काजळतो. लहान, काटेरी मासे आंबट रश्श्यात मंद आचेवर बराच वेळ किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवले, तर बारीक काटे मऊ होऊन खाता येतात. गाबोळी शेवटी, कमी आचेवर आणि झाकण ठेवून परतावी. ती फुटून अंगावर उडते.

ताजा मासा म्हणजे कच्चा खाण्याजोगा मासा नव्हे. हेरिंग, बांगडा यांसारख्या समुद्री माशांत अॅनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या नीट शिजवल्याने मरतात, व्हिनेगरात मुरवल्याने मरतीलच असे नाही.

उरलेला तेलकट मासा पुन्हा गरम केला की त्याचा वास घरभर होतो आणि चवही शिळी लागते. तो लवकर थंड करून झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी काटे काढून, कांदा व लिंबू मिसळून थंडच खावा.