नायिका नुसती लढवय्यी नको: यंग अडल्ट फँटसी लिहिताना या चुका टाळा

नायिका शूर आहे, तलवार चालवते, कुणाला जुमानत नाही. तरी ती मनात उतरत नाही. यंग अडल्ट फँटसीच्या, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या जादुई जगातल्या कथांच्या, कच्च्या खर्ड्यांत हे वारंवार दिसतं. बहुतेकदा तिला ताकद दिलेली असते, निर्णय दिलेले नसतात.

कथेतली मोठी वळणं कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे कुणामुळे घडलं. भविष्यवाणीमुळे, गुरूमुळे, राजपुत्र वेळेवर आल्यामुळे अशीच उत्तरं येत असतील, तर कथा तिला फरफटत नेते आहे. आणखी एक लढाई घालून हे सुधारत नाही. एका तरी वळणावर तिच्यापुढे दोन वाटा ठेवा, दोन्हींत काहीतरी गमवावं लागेल अशा, आणि निवड तिलाच करू द्या.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ (१९७१) मधली तेनार पाहा. हातात तलवार नाही, जादू येत नाही. लहानपणीच घरातून नेऊन तिला थडग्यांची पुजारीण केलेलं असतं. ती कैद्यांना उपाशी मारण्याचा हुकूम देते आणि ते कृत्य तिला छळत राहतं. पुढे चक्रव्यूहात अडकलेल्या परक्या जादूगाराला मरू द्यायचं की जगवायचं, हे तिलाच ठरवावं लागतं. त्याला जगवलं तर तिचं आजवरचं सगळं आयुष्य खोटं ठरणार असतं. मला ती अनेक योद्ध्या नायिकांपेक्षा कणखर वाटते.

गुंतागुंत दाखवायची म्हणून नायिकेला तुसडी करणं, ही दुसरी चूक. वेंधळेपणाही दोष म्हणून चालत नाही, कारण त्याची झळ कुणालाच बसत नाही. तिच्या खोटेपणामुळे मैत्रीण संकटात सापडली, तर पुढच्याच प्रकरणात माफी देऊन मोकळं होऊ नका. ‘ती जरा उद्धट वाटते’ असा अभिप्राय आला, तर तोच प्रसंग मुलाचं नाव घालून वाचून बघा. त्याच्या तोंडी तेच शब्द बाणेदार वाटत असतील, तर प्रसंगाला हात लावू नका.

‘ती इतर मुलींसारखी नाही’ हे वाक्य सरळ खोडा. तिच्याशी मतभेद असलेली, स्वतःचा हेतू असलेली दुसरी स्त्री कथेत आणा.

वैविध्याच्या बाबतीत सर्रास घडतं ते असं: पहिल्या प्रकरणात त्वचेचा रंग सांगायचा आणि नंतर विसरून जायचं. टोमी अडेयेमी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ (२०१८) मध्ये झेलीचे पांढरे केस तिची जमात उघड करतात. त्यावरून कर लादला जातो, छळ होतो. ती काय करू शकते आणि काय नाही, हे त्या ओळखीमुळे बदलतं. मात्र उपेक्षित समाजातल्या मुलीच्या वाट्याला फक्त दुःखच लिहिणं हीही चूकच आहे. तिला हट्ट असू द्या, प्रेम असू द्या, मूर्खपणा करायची मुभा असू द्या.

पाय अधू असलेल्या नायिकेला शेवटी जादूने बरं करू नका. तशाच पायांनी जगणाऱ्या वाचक मुलीला त्यातून कळतं, की विजय आपल्यासाठी नाही.

दुसऱ्या समाजाबद्दल लिहीत असाल, तर त्या समाजातल्या वाचकांना आराखडा असतानाच दाखवा आणि त्या कामाचा मोबदला द्या. शेवटच्या खर्ड्यात फक्त शब्द बदलता येतात, कथेचा कणा नाही.

मुखपृष्ठ विसरू नका. २००९ मध्ये जस्टिन लार्बलेस्टियर यांच्या ‘लायर’च्या अमेरिकी आवृत्तीसाठी, नायिका कृष्णवर्णीय असूनही, मुखपृष्ठावर गोऱ्या मुलीचं छायाचित्र घेतलं होतं. वाचकांनी जोरदार आक्षेप घेतला, तेव्हा ते बदललं. म्हणून नायिकेचा रंग, केस, बांधा यांचं वर्णन पुस्तकातल्या पानांच्या क्रमांकांसह प्रकाशकाला लेखी द्या, चित्रकाराने काम सुरू करण्याआधी.