रोजच्या लांब प्रवासासाठी जुनी डिझेल गाडी घेताय? या चुका टाळा

नागपूरच्या मनीषनगरातून वर्ध्याला नोकरीसाठी रोज जाणं-येणं करताना मला हे आठवं वर्ष लागलं. जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस. एवढ्या काळात दोन जुन्या डिझेल गाड्या घेतल्या. पहिलीने पाचव्या महिन्यात रडवलं, दुसरी दोन लाख किलोमीटर ओलांडून अजून रोज धावते आहे. आता ऑफिसात किंवा कॉलनीत कुणी जुनी डिझेल बघायला निघालं की मला सोबत घेऊन जातात. दर वेळी तेच होतं. रंग बघतात, सीट कव्हर बघतात, मीटरवरचा आकडा बघतात आणि टोकन द्यायला खिशात हात घालतात. ही गाडी आजवर कोणत्या रस्त्यावर, कशी चालली, हे कुणी विचारत नाही. डिझेलच्या बाबतीत सगळ्यात आधी तेच विचारायला हवं.

कमी रनिंग बघून भुलणं

"सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, फक्त ३८ हजार रनिंग." अशी जाहिरात वाचली की माणूस हरखतो. पेट्रोल गाडी असती तर मीही हरखलो असतो. डिझेलचं गणित वेगळं आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यानंतर तर फारच वेगळं झालं आहे.

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची एक जाळी असते. धुरातली काजळी ती अडवून ठेवते. जाळी भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. त्याकरता इंजिन जादा डिझेल सोडतं. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की हे काम आपसूक होतं, आपल्याला कळतही नाही. धरमपेठेतून सदरला आणि सदरहून घरी, एवढंच जिचं फिरणं आहे, तिच्यात मात्र हे काम दर वेळी अर्ध्यावर तुटतं. जळायला सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि इंजिनचं ऑइल पातळ होत जातं.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्यासाठी अशीच एक २०२१ ची गाडी बघायला गेलो होतो. आतून-बाहेरून चकाचक. सोबत नेलेल्या मिस्त्रींनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पुसली, परत घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. सहकारी म्हणाला, "भरपूर ऑइल टाकलेलं दिसतं, चांगलंच की." मिस्त्रींनी दोन बोटांत ऑइल चोळून नाकाशी नेलं आणि त्याच्यापुढे धरलं. "हे ऑइल नाही वाढलं भाऊ, डिझेल उतरलं खाली. वास घेऊन पाहा." ऑइल बोटांवर टिकतच नव्हतं, पाण्यासारखं ओघळत होतं. अशा ऑइलवर इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचं आणि बेअरिंगचं काय होत असेल ते सांगायला नको. ती गाडी सोडली.

पुढच्या आठवड्यात त्याने घेतली ती एक लाख दहा हजार चाललेली गाडी. आधीचा मालक चंद्रपूरला जाऊन-येऊन करायचा. क्लच अजून मऊ, ऑइल खुणेच्या मध्ये, सर्व्हिसच्या नोंदी सलग. हायवेवरच्या एक लाख किलोमीटरमध्ये क्लच, ब्रेक, गिअर यांची जेवढी झीज होते, त्याहून जास्त झीज सीताबर्डीच्या गर्दीतले चाळीस हजार करतात. म्हणून आकडा मोठा दिसला म्हणून गाडी नाकारू नका, आणि लहान दिसला म्हणून घेऊही नका.

आकडा खरा आहे का, हा वेगळाच विषय. मीटर मागे घेणं आज अवघड राहिलेलं नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर सगळ्या सर्व्हिसिंगच्या नोंदी, तारीख आणि किलोमीटरसकट, विक्रेत्यालाच काढून द्यायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड दबली आहे का, स्टेअरिंगचं कातडं चकाकतंय का, तेही बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. तीस हजार चाललेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, तर का बदलले ते विचारायलाच हवं.

तापलेलं इंजिन बघायला जाणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिली गाडी मी दुपारी बघायला गेलो. विक्रेता ती "जरा पुढे आणून" उभा होता. बोनेट गरम होतं, गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, मी खूश. डिसेंबरात थंडी पडली आणि सकाळी सहाला गाडी चालू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. नंतर मिस्त्रींनी डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या रिटर्न पाइपना, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, चार छोट्या बाटल्या लावल्या आणि इंजिन फिरवलं. दोन बाटल्यांत तळाला थोडंसं डिझेल आलं आणि उरलेल्या दोन बघता बघता अर्ध्यावर भरल्या. म्हणजे ते दोन इंजेक्टर दाब धरतच नव्हते. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, ते हजार-दीड हजार बारच्या वरच्या दाबाने फवारलं जातं. गळका इंजेक्टर गरम इंजिनात कसाबसा निभावून नेतो, थंड इंजिनात उघडा पडतो. इंजेक्टर, हीटर प्लग आणि मजुरी धरून साठ हजारांच्या आसपास खर्च आला. ही बाटल्यांची तपासणी गाडी घेण्याआधी अर्ध्या तासात करता आली असती.

म्हणून गाडी सकाळी बघा, आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचलात की आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड असेल तर मागे एक माणूस उभा करून सेल्फ मारा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर क्षणभर आला आणि गेला तर चालतो, टिकून राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत शिरतंय. रेस केल्यावर काळा लोट निघाला तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोच्या पाइपात दोष असू शकतो. मग चालू इंजिनवर ऑइल भरण्याचं झाकण हलकेच उघडा. थोडी वाफ ठीक. भकाभका धूर बाहेर येत असेल तर त्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि अशी गाडी रोजच्या दीडशे किलोमीटरसाठी नाही.

ट्रायल गल्लीत घेऊ नका. छत्रपती चौकातून वर्धा रोडने निघा आणि जामठ्याच्या पुढपर्यंत जा, जमलं तर थेट बुटीबोरी. एसी पूर्ण चालू ठेवा. चौथ्या गिअरला कमी वेगावर एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी पुढे गेली नाही तर क्लच संपलाय. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीत खडखड येत असेल आणि क्लच दाबताच आवाज बदलत असेल, तर क्लच प्लेटबरोबर फ्लायव्हील, म्हणजे प्लेट ज्यावर टेकते ते जड चाकही बघावं लागेल. काही गाड्यांत ते ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं असतं आणि महाग पडतं. टेम्परेचरचा काटा मात्र शेवटपर्यंत नजरेसमोर ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, एसी लावून रोज दोन वेळा हा रस्ता कापायचा आहे. जानेवारीच्या ट्रायलमध्ये काटा जरासुद्धा वर सरकला तर उन्हाळ्यात काय होईल ते ओळखा.

पुरात बुडालेली गाडी न ओळखणं

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या दुरुस्त होऊन विकल्या गेलेल्या गाड्या आजही बाजारात असू शकतात. विकणाऱ्याला माहीत असेलच असंही नाही, मधे एखादा हात बदललेला असतो.

सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येतो तो भाग धुऊन काढलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्टीवर मातकट रेघ राहून जाते. मग सीटखालची रूळपट्टी आणि तिचे बोल्ट बोटाने चाचपा, डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, गालिच्याचा कोपरा उचलून वास घ्या. डिझेल इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला गेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. तसं इंजिन उघडून जोडलेलं असेल तर जोडांवर नवीन सीलंट दिसतो. विम्याच्या क्लेमचा इतिहासही मागा.

डिझेलची गरज नसताना डिझेल घेणं

हिशोबासाठी डिझेल ९० आणि पेट्रोल १०४ रुपये धरू, ॲव्हरेज डिझेलचं २० आणि पेट्रोलचं १५. वर्ध्याला रोज दीडशे किलोमीटर म्हणजे महिन्याला ३,६०० किलोमीटर. डिझेलचा खर्च १६,२००, पेट्रोलचा २४,९६०. महिन्याला पावणेनऊ हजारांचा फरक, डिझेल घ्याच. बुटीबोरीला रोज साठ किलोमीटर म्हणजे महिन्याला १,४४० किलोमीटर, फरक जेमतेम साडेतीन हजार. डिझेल गाडीची जादा किंमत, महाग सर्व्हिसिंग आणि एखादा इंजेक्टर यांत तो सहज संपतो. रोजचं अंतर साठच्या आत आहे त्यांना मी पेट्रोलच सुचवतो, ते नाराज झाले तरी.

टायमिंग बेल्ट आणि पार्ट न विचारणं

वर्ध्याच्या हिशोबाने वर्षाला ४३ हजार किलोमीटर होतात. ८० हजारांची गाडी घेतली तर पावणेतीन वर्षांत ती दोन लाखांवर जाते. म्हणून इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्या-मिटण्यासाठी टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे आधी विचारा. मारुती, टाटा आणि फियाटच्या अनेक गाड्यांत असलेलं १.३ लिटरचं फियाटचं इंजिन चेनवर चालतं. रेनो-निस्सानचं दीड लिटरचं डिझेल आणि फोक्सवॅगनचं दीड लिटर टीडीआय बेल्टवर. बेल्ट वाईट नाही, पण तो कधी बदलला याचं बिल नसेल तर घेतल्याबरोबर बदलायचा खर्च किमतीतून कापून घ्या. चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

पार्टचंही तसंच. शेवरलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. मारुतीचे पार्ट गावोगावी मिळतात. बाकीच्यांसाठी आपल्या मिस्त्रीला आधी विचारा की इंजेक्टर आणि सेन्सर किती दिवसांत येतो. रोज सकाळी हजेरी लावायची आहे, गाडी पंधरा दिवस उभी ठेवून चालत नाही.

कागदांत घाई करणं

आरसीवर बँकेचं एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि ती नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून चलान, विमा आणि गाडी आधी टॅक्सी होती का, ते बघा. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच-३१ किंवा एमएच-४९ चा नवा नंबर घेईपर्यंत स्वस्ताई बरीच आटते. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही हे धरून चला. जुना फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला वर्षाचा फास्टॅग पास गाडीच्या नंबरशी बांधलेला असतो आणि फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर नाही.

गाडी घरी आल्यावर

पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदला, विक्रेत्याने "कालच केलं" म्हटलं तरी. डीपीएफ असेल तर कमी राखेचंच ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलेला असतो. स्वस्तातलं ऑइल टाकलं तर त्याची राख जाळीत साचते आणि ती जळून जात नाही. ॲव्हरेज अचानक पडलं तर आधी टायरची हवा, मग एअर फिल्टर, मग टर्बोचा पाइप कुठे निसटलाय का बघा. इंजेक्टर उघडायची घाई नको. पावसाळ्यात गाडी झटके देऊ लागली तर डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा.

आणि डीपीएफचा दिवा लागला तर गाडी बंद करून गॅरेज शोधत बसू नका. बुटीबोरी सोडल्यावर एक गिअर खाली घ्या, इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर ठेवा आणि एकसारख्या वेगाने चालवत राहा. माझ्या गाडीत केळझर ओलांडेपर्यंत दिवा विझतो. सेलूपर्यंतही विझला नाही, किंवा दिवा लुकलुकू लागला, तर वर्ध्यात पोहोचल्यावर स्कॅन करून घ्या आणि डिपस्टिक काढून ऑइल किती वर चढलंय ते त्याच दिवशी बघा.